मांजराचे दाणे: किती, कोणत्या वयाला, आणि पाण्याचं काय?

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी ओट्यावरचा छोटा वजनकाटा पुढे ओढते. त्यावर वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि मांजरांचे दाणे, म्हणजे पिशवीतून विकत मिळणारं त्यांचं कोरडं खाणं, मोजायचं. बाळ्याचे ४५ ग्रॅम, चिंगीचे ४५ ग्रॅम. बाळ्या हा आमचा सव्वाचार किलोचा बोका. चिंगी म्हणजे जुलैच्या पावसात जिन्याखाली सापडलेलं पिल्लू, आत्ता कुठे एक किलोचं झालंय. परवा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "सोनाराच्या पेढीवर बसल्यागत काय मोजतीस गं? आणि त्या दांडग्या बोक्याला नि एवढ्याशा पिल्लाला सारखंच?"

प्रश्न नेमका होता. साताऱ्यात आता पेठेपेठेत मांजरांच्या वाटीत विकतचे दाणे दिसतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी असं नव्हतं. दाणे आले, पण ते कसे द्यायचे हे कुणी सांगितलं नाही. दुकानात विचारावं तर "वाटी भरून ठेवा, लागेल तसं खाईल" एवढंच उत्तर मिळतं. त्या उत्तरात दोन चुका आहेत, आणि त्यातली एक मला फार महागात पडली होती. तिच्याकडे येतेच, पण आधी मांजराचं पोट समजून घेऊ.

काकूंचं म्हणणं असं की त्यांच्या माहेरी, कोरेगावकडे, पिढ्यान्‌पिढ्या मांजरं दूधभातावर जगली. खरं सांगायचं तर ती दूधभातावर जगली नाहीत. दूधभात त्यांना घराशी बांधून ठेवत होता. पोसत होते ते माळ्यावरचे आणि कणगीमागचे उंदीर, पाली आणि चिमण्या. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व तयार करतो. मांजराला ते करता येत नाही, त्याला ते तयारच मिळावं लागतं, म्हणजे प्राण्याच्या यकृतातून वगैरे. उन्हात पडून त्याला पुरेसं 'ड' जीवनसत्त्व मिळत नाही. गोड चव तर त्याला कळतच नाही. ती चव ओळखणारं जनुक मांजरात निकामी आहे, हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आपल्याकडचं मांजर कंदी पेढा चाटतं ते साखरेसाठी नव्हे, त्यातल्या दुधाच्या स्निग्धतेसाठी. आणि मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतच नाही, जुलाब होतात.

सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. हा मांसात, विशेषतः हृदय-यकृतासारख्या अवयवांत असतो; तांदूळ, डाळ, भाज्यांत जवळजवळ नसतो. माणूस तो शरीरात बनवतो, मांजराला पुरेसा बनवता येत नाही. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडून फुगतो. १९८७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी, पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हृदयविकाराने आजारी मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी असल्याचं पाहिलं. ही मांजरं बाजारातलं, त्या वेळच्या नियमांत बसणारंच खाणं खात होती. वेगळं टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं, आणि या कारणाने होणारा हा आजार आज क्वचित दिसतो. दाण्यांच्या पिशवीवर 'टॉरिन' हा शब्द असतो तो यामुळे. घरात कुत्रा असेल तर त्याचं खाणं मांजराच्या पुढ्यात रोज सरकवू नये, तेही याचसाठी. कुत्र्याच्या खाण्यात मांजराला लागेल तेवढं टॉरिन असेलच असं नाही.

मग हे दाणे बनतात कसे? कुरडयांचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. कोंबडी किंवा माशाची पूड, तांदूळ किंवा मका, चरबी, क्षार आणि जीवनसत्त्वं यांचा गोळा वाफेवर, दाबाखाली शिजवतात. साच्यातून दाबून काढतात आणि बाहेर येताच कापतात. मग वाळवून त्यावर तेल आणि वासाचा लेप फवारतात. मांजर धावत येतं ते त्या लेपाच्या वासाने. पीठ नसेल तर दाणा आकारच धरणार नाही, म्हणून कोरड्या खाण्यात धान्य किंवा बटाट्यासारखा पिठूळ घटक असणारच. त्याला लोक फार घाबरतात. शिजलेलं पीठ मांजराला बऱ्यापैकी पचतं. फक्त त्याचा भार मांसाच्या वर जाता कामा नये.

शाकाहारी घरांची दाण्यांनी मोठीच सोय केली आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून बरं वाटतं. सध्या श्रावण चालू आहे. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांत महिनाभर अंडंसुद्धा येत नाही. पण श्रावण माणसाचा, मांजराचा नाही. दाणे असल्यामुळे सुकट न भाजता, कोंबडी न शिजवता त्याला त्याचं मांस मिळतं. पूर्वी या महिन्यात मांजरं ताकभातावर काढायची आणि रोडावायची. सुकटीचंही सांगते: सुके बोंबील, सुकट यांत मीठ फार असतं. एखादा तुकडा चालेल, रोजचं जेवण म्हणून नको. कांदा-लसूण मात्र कणभरही नको, मसाल्याचा रस्सा धुऊन दिलेलं मटणही नको. कांद्या-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता त्या पहिल्या चुकीकडे येते: दुकानातल्या त्या उत्तरात पाण्याचं नावच नसतं.

मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातले. त्यांना पाणी मिळायचं ते भक्ष्यातून. उंदराच्या अंगात दोनतृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याची मूत्रपिंडं लघवी अतिशय घट्ट करून पाणी वाचवतात. वाळवंटात हा गुण होता. स्टीलच्या वाटीत दाणे आले आणि तोच गुण अंगावर आला. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. दाण्यांत पाणी असतं ८ ते १० टक्के, म्हणजे ६० ग्रॅम दाण्यांतून जेमतेम चमचाभर. उरलेलं त्याने पिऊन भरून काढायचं. ते पितंही, पण ओलं खाणाऱ्या मांजराच्या पोटात जेवढं जातं तेवढं सहसा जात नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बाळ्या रात्री दहापासून वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मला वाटलं, पोट साफ होत नाहीये. मी बोटावर तूप घेऊन चाटवलं आणि झोपले. पहाटे तो ट्रेमध्येच आडवा पडून वेगळ्याच आवाजात ओरडत होता. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझं बोट धरून तिथे ठेवलं: मोसंबीएवढा टणक गोळा. तुंबलेलं मूत्राशय. बोक्याची मूत्रनलिका अतिशय बारीक असते. वाळूसारखे खडे आणि चिकट कचरा मिळून तिला बूच बसतं. लघवी अडली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. नळी घालून, सलाइन लावून तीन दिवसांनी बाळ्या घरी आला. ती रात्र मी वाया घालवली हे मला आजही टोचतं. म्हणून लिहिते: बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि वाळू कोरडीच आहे, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

हा आजार एकट्या दाण्यांमुळे होतो असं नाही. वजन, घरातच बसून राहणं, ताण, नवं मांजर येणं, ही सगळी कारणं मिळून तो होतो. पण लघवी पातळ ठेवणं हा आपल्या हातातला उपाय आहे. आता आमच्याकडे पाण्याची चार भांडी आहेत, रुंद तोंडाची, जेवणापासून आणि ट्रेपासून लांब. आमची तिसरी मांजर, म्हातारी ठमी, मात्र कुठल्याच भांड्याला तोंड लावत नाही. ती माठाखालच्या ताटलीत थेंबथेंब जमणारं पाणी पिते, म्हणून ती ताटली मी रोज घासते. बाळ्याला संध्याकाळी ओल्या खाण्याचं एक पाऊच मिळतं. ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये ६५-७० मिलिलिटर पाणीच असतं, आणि उष्मांकांच्या हिशेबाने ते सुमारे २० ग्रॅम दाण्यांच्या बरोबरीचं असतं. तेवढे दाणे मी कमी केले. पाऊच परवडत नसेल तर दाण्यांवर कोमट पाणी घाला, किंवा मीठ-कांदा-लसूण न घालता उकडलेल्या कोंबडीचं पाणी.

पाऊचबद्दल एक सावधगिरी. पाकिटावर 'कम्प्लीट' असा शब्द आहे की 'कॉम्प्लिमेंटरी', ते वाचा. दोन शब्द दिसायला सारखे, पण पहिल्याचा अर्थ हे पूर्ण जेवण आहे आणि दुसऱ्याचा अर्थ ही नुसती तोंडीलावणं. चाटायच्या क्रीमच्या नळ्या, चिकनचे धागे असलेले छोटे डबे बहुतेक दुसऱ्या प्रकारातले. लोणच्यावर कुणी पोट भरत नाही. अशा वरच्या खाऊने दिवसाच्या उष्मांकांचा दहावा भाग ओलांडू नये. घरी उकडलेलं नुसतं चिकनही याच वर्गात येतं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि फक्त त्यावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं मऊ होऊन उडी मारतानाच मोडतात.

पिशवीची मागची बाजू वाचताना लोक प्रथिनांचा आकडा बघतात आणि फसतात. दाण्यांवर ३२ टक्के, पाऊचवर ९ टक्के. मग पाऊच निकृष्ट? नाही. आधी पाणी वजा करा. दाण्यांत १० टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग ९०. ३२ भागिले ९०, साधारण ३६ टक्के. पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी, कोरडा भाग १८. ९ भागिले १८, ५० टक्के. प्राण्यांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेची किमान मर्यादा कोरड्या भागावर मोजून मोठ्या मांजराला २६ टक्के आणि वाढत्या पिल्लाला ३० टक्के प्रथिनं अशी आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिल्या दोन-तीन नावांत मांस, मासा किंवा त्यांची पूड हवी. पूड म्हटल्यावर नाक मुरडू नका. ताज्या कोंबडीत बहुतांश पाणी असतं. पुडीतलं पाणी आधीच गेलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिनं कितीतरी जास्त. पिशवीवरच्या चित्रातल्या मटारांकडे मात्र लक्ष देऊ नका.

आता काकूंचा प्रश्न. पिल्लाला आणि बोक्याला सारखंच का?

पिल्लू हाडं, स्नायू, मेंदू सगळं एकदम बांधत असतं. किलोमागे त्याला मोठ्या मांजराच्या दुपटी-तिपटीने ऊर्जा लागते. चिंगीच्या एक किलोला दिवसाला १७५ च्या आसपास किलोकॅलरी लागतात, आणि पिल्लांच्या दाण्यांत १०० ग्रॅमला साधारण ४०० असतात. म्हणून ४५ ग्रॅम. बाळ्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, तो घरातच असतो. त्याला सव्वाचार किलोला २३० च्या आसपास पुरतात. ४५ ग्रॅम दाणे आणि एक पाऊच, झालं. पण चिंगीचं पोट अक्रोडाएवढं, म्हणून तिचे ४५ ग्रॅम चार वेळा विभागून.

पिल्लू चार आठवड्यांच्या आतलं असेल तर दाण्यांचा प्रश्नच नाही. त्याला पिल्लांसाठीची दुधाची पावडर लागते. गाईच्या दुधाने हगवण लागून पावसाळ्यात कितीतरी पिल्लं दगावतात. चार आठवडे झाले की पिल्लांचे दाणे दुप्पट-तिप्पट कोमट पाण्यात भिजवून पिठल्याइतके मऊ करायचे. आठव्या आठवड्यापर्यंत पाणी कमी करत आणायचं. वाढ नीट असेल तर आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वजन वाढतं. चार-पाच महिन्यांपर्यंत चार वेळा, मग तीनदा, आणि वर्षानंतर मोठ्यांचे दाणे दोन-तीन वेळा विभागून. गाभण आणि लेकुरवाळ्या भाटीलाही पिल्लांचेच दाणे द्यावेत. पिल्लं पीत असताना तिची गरज दुप्पट-तिप्पट होते, तेव्हा तिच्यापुढे वाटी भरलेली असली तरी चालेल. भरल्या वाटीची मुभा मी एवढ्या एका अवस्थेलाच देईन.

कारण दुसरी चूक तीच आहे, कायम भरलेली वाटी. ऑपरेशननंतर मांजराची ऊर्जेची गरज पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी होते आणि भूक मात्र वाढते. रोज फक्त १० ग्रॅम दाणे जास्त पडले तर कागदावरच्या हिशेबाने वर्षात किलोभराहून जास्त चरबी. चार किलोच्या जिवावर एक किलो म्हणजे साठ किलोच्या माणसावर पंधरा. त्यातून मधुमेह येतो, सांधे दुखतात. वाटीचं माप दर हाताला बदलतं. एकच वाटी आईने भरली तर ५० ग्रॅम, मुलाने भरली तर ७०. म्हणून काटा. तुमच्या पिशवीवर १०० ग्रॅममागे किती किलोकॅलरी ते लिहिलेलं असतं, बहुधा ३५० ते ४००. त्यावरून हिशेब बसवायचा आणि महिनाभराने मांजराच्या फासळ्यांवरून हात फिरवायचा. आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूला बोटांची हाडं जशी लागतात तशा फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत.

खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवस घ्या, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. "भूक लागली की आपोआप खाईल" हे मांजराच्या बाबतीत खरं नाही आणि धोक्याचं आहे. दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातून लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते यकृत बंद पडू शकतं.

आपल्या गावचा पाऊस हा वेगळाच विषय. जून ते सप्टेंबर साताऱ्यात पापड सादळतात, मीठ ओलं होतं, तसेच दाणेही सादळतात. सादळलेल्या दाण्याला बुरशी धरते, आणि मका-शेंगदाण्यावरच्या एका बुरशीचं विष यकृतावर जातं. दाण्यावरची चरबी हवेने खवट होते. दुकानात मोठं पोतं उघडं ठेवून किलोवर सुटे विकतात, ते मी घेत नाही. ते कधी उघडलं, मुदत कधीची, काहीच कळत नाही. महिन्याभरात संपेल एवढी लहान पिशवी आणायची आणि तोंड दुमडून पिशवीसकट स्टीलच्या डब्यात ठेवायची. मुंग्यांसाठी वाटीखाली पाण्याची ताटली. भिजवलेले दाणे तासाभराने टाकून द्यायचे.

ठमी तेरा वर्षांची आहे. म्हाताऱ्या मांजराला कमी प्रथिनं द्यावीत असा समज पसरलाय, तो सरसकट खरा नाही. अकरा-बारा वर्षांनंतर अनेक मांजरांचं पचन मंदावतं, मांस झडतं; मूत्रपिंडं धड असतील तर त्यांना चांगली प्रथिनं उलट जास्त लागतात. पण मूत्रपिंडाचा आजार या वयात फार आढळतो, आणि दोनतृतीयांश काम थांबेपर्यंत तो फारसा दिसत नाही. पाणी जास्त पिणं, वाळूत मोठाले गोळे होणं, पाठीचा कणा हाताला लागणं, ही त्याची पावलं. भरपूर खाऊनही रोडावणारं म्हातारं मांजर असेल तर थायरॉइड तपासावं. ठमीचं मी वर्षातून दोनदा रक्त तपासते. गेल्या खेपेला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात साठणारा घटक, वाढलेलं निघालं, तेव्हापासून डॉक्टरांनी लिहून दिलेले कमी फॉस्फरसचे दाणे. हे दाणे आपल्या मनाने आणायचे नसतात. चिंगीने खाल्ले तर तिची वाढ खुंटेल, म्हणून ठमी बंद खोलीत जेवते. तिच्या दोन दाढा काढल्यात. दाणे चावून दात स्वच्छ राहतात ही समजूतही मी तिच्यासोबतच सोडली. नेहमीचा दाणा दाताच्या टोकालाच फुटतो, हिरडीपर्यंत पोचत नाही. ठमीचे दाणे मी वाटीत कोमट पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवते. झाकण काढल्यावर वास सुटतो, तेव्हा ती उठून येते.

हे सगळं ऐकून काकू गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या सोनीचं वजन कसं करायचं गं? ती काय काट्यावर बसतीय?" मी त्यांना सोनीला घेऊन यायला सांगितलं. आधी काकू एकट्या माणसांच्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, ५७.६. मग सोनीला छातीशी धरून, ६२.९. म्हणजे सोनी पाच किलो तीनशे. हाडापेराने ती चार किलोची मांजर आहे. एकदम तोडायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं, आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर वजन उतरू द्यायचं नाही, एवढं ठरलं. काकूंकडे छोटा काटा नाही. म्हणून त्यांच्याच पिशवीतले २५ ग्रॅम दाणे मोजून मी कान तुटलेल्या एका चहाच्या कपात ओतले आणि दाणे जिथवर आले तिथे मार्करने रेघ मारली. सकाळी रेघेपर्यंत, संध्याकाळी रेघेपर्यंत. काकूंनी कप पदराखाली घेतला, सोनीला काखोटीला मारलं आणि पागोळ्यांखालून त्या घरी गेल्या.